धुराच्या गावाहून आलेली आई

पौषातली पहाट त्या शहरावर उतरत नसे, त्याच्या वरच्या वर अडकून राही. वर निळाई, मध्ये काजळी, खाली माणसे. सूर्य उगवे तो कल्हई उडालेल्या परातीसारखा, तांबूस आणि तेजोहीन. उगवून दोन घटका झाल्या तरी डोळे न मिटता त्याच्याकडे पाहता येई, आणि ज्याच्याकडे असे पाहता येते त्या सूर्याची ऊब कुणाच्याच अंगणात पोचत नसे.

नदीच्या पल्याड वीजकेंद्राची चार धुराडी होती. उन्हाळ्यात त्यांचा धूर निदान उंच तरी जाई. हिवाळ्यात तो थंडीने जड होई, खाली बसे, वस्तीच्या उंबऱ्याशी जनावरासारखा पडून राही. आणि राख पडे. मंद, मऊ, मूक, अविरत राख. ती तुळशीच्या मंजिऱ्यांवर पडे, दह्याच्या सायीवर पडे, पाळण्यातल्या तान्ह्या बाळाच्या टाळूवर पडे.

त्या वस्तीत वनमाला बावणे राहत होती. शाळेच्या मुलांचे सदरे शिवणे हे तिचे काम. शुभ्र कापड ती दार लावून शिवी, खिडकीला ओला पंचा बांधून शिवी. तरी शेवटचे काज होईतो कॉलरीवर एक करडी रेघ उमटलेलीच असे. तिचा नवरा दिवाकर वीजकेंद्रात होता. धावत्या पट्ट्यावरून कोळसा भट्टीकडे जाई, त्यावर नजर ठेवण्याचे त्याचे काम. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा त्याच्या पापण्यांत काजळ घातल्यासारखे दिसे, आणि पाच वर्षांची कस्तुरी त्याला हसत विचारी, की बाबा, तुम्ही आज कुणाच्या लग्नाला गेला होता?

कस्तुरीला सहावे लागले त्या हिवाळ्यात तिच्या छातीत एक शीळ शिरली.

बारीक, उंच, लांबवर चाललेली शीळ. पहिल्यांदा वनमालेला वाटले, गल्लीत कुणी पोरे पानाची पिपाणी वाजवतात. मग तिने लेकीच्या पाठीला कान लावला. सूर तिथून येत होता. त्या इवल्या बरगड्यांच्या पिंजऱ्यात काहीतरी कोंडले होते आणि फटीफटीतून बाहेर पडू पाहत होते. ओठ निळसर झालेले. खांदे प्रत्येक श्वासासरशी वर उचललेले. श्वास घेणे हे काम आहे, हे कुठल्याच लेकराला कळू नये. कस्तुरीला ते कळले होते.

सरकारी दवाखान्यात तिच्या तोंडावर वाफेचा मुखवटा लावत. औषधाचा पांढरा ढग तिच्या नाकातोंडात जाई, शीळ हळूहळू विरे, आणि दोघी मायलेकी घरी परतत. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुढे तर चार दिवसांनी. त्या वॉर्डात तशी वीस-वीस लेकरे असत, आणि त्यांच्या आया एकमेकींना नावाने ओळखू लागल्या होत्या.

मुलांच्या डॉक्टर येरावारबाई पन्नाशीच्या, मितभाषी, डोळ्यांखाली जागरणे साठलेल्या. एका सकाळी त्यांनी कस्तुरीच्या छातीवरची नळी काढली आणि ती बराच वेळ हातातच धरून ठेवली.

"औषध मी देत राहीन, वनमालाबाई," त्या म्हणाल्या. "हवा कुठून देऊ?"

मग त्यांनी हळू आवाजात सगळे समजावले. पोर इथे राहिली तर दर हिवाळा तिच्या फुप्फुसातला एक एक कोपरा घेऊन जाईल. कुठे डोंगरात, झाडांत कुणी नातलग असेल तर तिला तिकडे ठेवा. आठ-पंधरा दिवसांसाठी नाही. मोठी होईपर्यंत.

नातलग होती. दिवाकरची मोठी बहीण प्रमिला चिखलदऱ्याला वनखात्याच्या रोपवाटिकेत काम करी. विधवा, निपुत्रिक, कमी बोलणारी बाई. तिचा निरोप लगेच आला, की पोरीला घेऊन या. आणि वनमालेलाही येऊन राहायचे तर घर दोघींचे आहे.

पण वनमालेला जाता येत नव्हते. मागच्या वैशाखात शहर सत्तेचाळीस अंशांवर तापले होते. रस्त्याचे डांबर चपलांना चिकटत होते, झाडांवरून वटवाघळे मरून पडत होती. त्या उन्हात तिची सासू सरूबाई बाजारातून येताना कोसळली. ती शुद्धीवर आली, पण अर्धीच आली. उजवा हात, उजवा पाय, अर्धी जीभ तिथेच उन्हात राहिली. आता तिला कुशीवर वळवावे लागे, घास भरवावा लागे, दिवसातून तीनदा पुसून कोरडे करावे लागे. घाटाचा प्रवास तिला झेपणारा नव्हता, आणि दिवाकरला दुसरीकडे कुठे काम मिळत नव्हते.

एका घरात दोन खाटा होत्या. एकीवर उन्हाने मोडलेली म्हातारी, दुसरीवर धुराने गुदमरलेली पोर. आणि मधल्या वीतभर जागेत वनमाला उभी होती.

सरूबाईला सगळे समजत होते. तिने डावा हात गोधडीबाहेर काढला आणि दाराकडे दाखवला. जा, असे तो हात म्हणत होता. माझे काय ते होईल. वनमालेने तो हात धरला, पुन्हा गोधडीत ठेवला आणि कड नीट खोचली.  

आठ दिवसांसाठी शेजारणीला सासूपाशी बसवून ती लेकीला घेऊन निघाली. दोन गाड्या बदलल्या, परतवाडा मागे पडला, घाट लागला. वळणावळणावर हवा बदलत गेली. आधी सागाच्या पाचोळ्याची, मग ओल्या दगडाची, मग कशाचीच नाही अशी, नितळ, निर्गंध, निळी हवा. कस्तुरीने खिडकीला नाक लावले होते. "आई, इथं आकाश धुतलंय का गं कुणी?" तिने विचारले.

पहिल्या पहाटे वनमाला जागी झाली. प्रमिलाबाईंच्या कौलांवरून दव ठिबकत होते. तिने सवयीने लेकीच्या पाठीला कान लावला.

शीळ नव्हती.

तिने दुसऱ्या बाजूला कान लावला. नव्हती. आत नुसता श्वास होता; येणारा, जाणारा, पुन्हा येणारा, शांत तळ्याच्या काठाशी पाणी हलावे तसा. आणि त्या क्षणी वनमालेला कळले की आपण कशाची आशा धरली होती. तिच्या काळजाच्या अगदी तळाशी, देवालाही दिसू नये अशा जागी, तिने इच्छिले होते की शीळ इथेही असावी. म्हणजे लेकीला परत नेता आले असते. आपल्याच लेकराचे दुखणे आपण मागत होतो, हे तिला उमगले, आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, हुंदक्याने पोर जागी होऊ नये म्हणून.

आठव्या दिवशी ती एकटी घाट उतरली. कस्तुरी गाडीमागे धावली, चांगली लांबवर धावली. तिला धाप लागली नाही. वनमालेने मागच्या काचेतून ते पाहिले. लेक रडत होती, आणि धावू शकत होती.

त्यानंतर फोन. पहिले काही आठवडे काचेच्या त्या चौकटीत नुसते रडणे असे. मग रोपांची नावे येऊ लागली, मग मैत्रिणींची. पुढे पुढे कस्तुरी बोलता बोलता चौकटीबाहेर पळून जाई आणि वनमाला रिकाम्या भिंतीकडे पाहत राही. तिला तेही आवडे. भिंतीवर ऊन असे, आणि ते पिवळे असे.

दिवाळीला पोर घरी आली. आजीच्या डाव्या हाताखाली डोके घालून बसली, अंगणात रांगोळी काढली. रांगोळीवर राख पडली. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत सूर लागला. तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने दिवाकर तिला परत घेऊन गेला. परतल्यावर तो ओसरीवर बसला, बूट न काढता. आपण ज्या पट्ट्यावर उभे राहतो, त्याच पट्ट्यावरून आपल्या पोरीचे घर जळायला गेले, असे तो म्हणाला. वनमालेने त्याच्यापुढे पाणी ठेवले. तो ते प्यायला नाही.

तेव्हा ठरले की कस्तुरीने आता इकडे यायचे नाही. आईने जायचे.

फाल्गुनात वनमाला गेली. पळस पेटले होते, घाट केशरी ज्वाळांनी भरला होता. जगात धूर नसलेली आगही असते, हे तिने किती वर्षांनी पाहिले. तिने नवे पातळ नेसले होते, ट्रंकेच्या तळातून काढलेले, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले.

रोपवाटिकेच्या चढावर गाडी थांबली. वरून एक मुलगी धावत आली. उंच झालेली, गालांवर लाली चढलेली, सागाच्या पानासारखी सळसळणारी. वनमालेला स्वतःला चार पावलांत धाप लागली होती. ती वाटेतच थांबली आणि तिने हात पसरले.

कस्तुरीने आईच्या कुशीत तोंड खुपसले. पदर मुठीत धरला आणि एक लांब, लोभी, भुकेला श्वास घेतला.

"आई," ती हर्षाने म्हणाली, "तुझ्या अंगाला आपल्या घराचा वास येतो."

तिने पुन्हा श्वास घेतला, पहिल्याहून खोल. आणि तिला खोकला आला. एकदा. मग पुन्हा. मग थांबेचना. ती खोकत होती आणि पदर सोडत नव्हती. वनमालेनेच तिची बोटे एक एक करून सोडवली आणि ती दोन पावले मागे सरली. लेक हात पुढे करून उभी, आई हात मागे घेऊन उभी. मध्ये दोन पावलांची निर्मळ हवा.

प्रमिलाबाई दाराशी होत्या. त्यांनी पोरीला फवाऱ्याचे औषध दिले, पाठ चोळली. मग वनमालेकडे न पाहता त्या म्हणाल्या, "न्हाणीत गरम पाणी काढलंय. अन् माझं लुगडं खुंटीवर आहे."

वनमाला नाहली. शिकेकाईने केस धुतले, दगडाने टाचा घासल्या, नखांच्या कडा घासल्या. पाणी मोरीतून करडे वाहिले, मग फिके, मग नितळ. इतकी वर्षे तिने त्या घरात रांधले, शिवले, उष्टे काढले, माया केली. ते सारे तिच्या अंगावर बसले होते, आणि ते सारे तिने धुऊन टाकले. नवे पातळ तिने लांब, गोठ्यामागे वाळत टाकले. नणंदेचे लुगडे नेसली. त्याला मातीचा, शेणखताचा, आवळ्याच्या कोवळ्या रोपांचा वास होता.

दुपारी कस्तुरी तिच्या कुशीत निजली. दोघींनी भाकरी खाल्ली होती, रोपे मोजली होती, शाळेची वही पाहिली होती. उद्या सकाळच्या गाडीने वनमालेला उतरायचे होते; सरूबाई वाट पाहत असेल. ती लेकीचे केस विंचरीत राहिली, बोटांनीच, अगदी हळू.

बाहेर उन्हे कलली. कौलाच्या फटीतून आलेला एक कवडसा कस्तुरीच्या गालावर थरथरला. ती झोपेत हलली. डोळे मिटलेलेच. तिने लुगड्यात नाक घातले, ओळखीचा वास घेतला, आणि झोपेच्या तळातून, जड जिभेने विचारले,

"आत्या, आई गेली का गं?"

वनमालेची बोटे केसांत थांबली. क्षणभर तिला वाटले, पोरीला जागे करावे, म्हणावे, अगं मीच. पण श्वास इतका संथ चालला होता. इतका सखोल, इतका सहज.

"नाही, बाळा," ती नणंदेच्या हलक्या स्वरात म्हणाली. "अजून आहे. तू नीज."

पोर निजली. दरीच्या पल्याड डोंगरांच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत गेल्या. जवळची गर्द, पलीकडची फिकट, त्यापलीकडची आभाळात विरून गेलेली. आणि त्या निळाईच्या काठाशी, परक्या लुगड्यात, परक्या नावाने, एक आई लेकीला थोपटीत राहिली, थोपटीत राहिली, ऊन जाईपर्यंत.