सईचा पासवर्ड

"ताई, उदाहरण देताना खोटं सांगत जा," असं श्रेयानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. "इंग्रजी बोलायचं आणि वर खोटंही बोलायचं? एका वेळी एकच जमतं गं मला."

श्रेया आमच्या क्लासमधली सगळ्यात लहान, कॉलेजात शिकणारी. मुकुंदवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर गोकुळ सरांचा इंग्रजी बोलायचा क्लास होता आणि दुपारची बॅच फक्त बायकांची. माझं एम.ए. मराठीतून झालेलं. सईला नर्सरीत घालायला गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी मान हलवून आले. कशाला हो म्हणाले ते आजवर कळलेलं नाही. म्हणून क्लास लावला.

सर शिकवायचे चांगलं, ते मी आजही नाकारत नाही. "पुस्तक ठेवा बाजूला," ते म्हणायचे. "तुमचा फोन दिवसभर तुमच्याशी इंग्रजीच बोलतो. त्याचं कधी ऐकता का?" मग फळ्यावर शब्द पडायचे. अलाऊ, डिनाय, लोकेशन, परमिशन, डिलीट. फोनला काय दाखवायचं आणि काय झाकायचं यावर आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाद घालायचो. नवऱ्याला पासवर्ड सांगावा का, या विषयावर तर इतका आवाज चढला की गिरणीवाला पिठानं माखलेला वर बघायला आला.

सरांचे नियम दोन. वाक्य खरं पाहिजे, कारण खोटं वाक्य म्हणे तोंडात बसत नाही. आणि न अडखळता प्रश्न विचारला, की समोरच्यानं खरं उत्तर द्यायचंच, मग समोर सर का असेनात. कोपऱ्यात स्टँडवर त्यांचा फोन कायम रेकॉर्डिंग करत असायचा. आमची प्रगती आम्हालाच दाखवायला, असं सांगितलं होतं.

उन्हाळ्यात सर पडेगावहून येताना बायकांसाठी ताकाचा डबा आणायचे. त्यांच्या आईनं, आवडाबाईंनी, घुसळलेलं. एकदा त्या स्वतःच आल्या. कानानं अगदी कमी ऐकू येतं. सई माझ्या मांडीवर होती, तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "लई गोड हाय गं पोरगी. जप हिला." मी "व्हय" म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं, पण हसल्या.

मी तर जपतच होते. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, जिथं कालपरवापर्यंत ज्वारी होती, तिथं आमची नवी बिल्डिंग. लिफ्ट आहे, खाली चकचकीत फरशी आहे, नळाला पाणी नाही. टँकर आला की पाइप आणि ड्रम घेऊन खाली धावायचं. माझा नवरा श्रीनिवास शेंद्र्याला कंपनीत, शिफ्टवर. खालच्या रेटारेटीत चार वर्षांची पोर नेता येत नाही, म्हणून मी सईला शिकवलं होतं, आतून कडी लावायची आणि बाहेरून कुणी 'सीताफळ' म्हटलं तरच उघडायची. आई म्हटलं तरी नाही, पोलीस म्हटलं तरी नाही. तिला तो खेळ फार आवडायचा.

आणि पासवर्डचा धडा आला तेव्हा मी उभी राहिले. "माय डॉटर हॅज अ पासवर्ड." सगळ्या वळून बघायला लागल्या. मला चेव आला. टँकर, मी खाली, ती वर एकटी, कडी, सीताफळ. बिल्डिंगचं नावसुद्धा घेतलं, कारण सर मान डोलावत होते आणि मी एकदाही अडखळले नव्हते. टाळ्या पडल्या. फक्त श्रेया टाळ्या वाजवत नव्हती.

सरांनी तो तुकडा क्लासच्या पेजवर टाकला. वर लिहिलं, आमच्या माता बघा कशा इंग्रजी बोलतात! लोकांनी बदाम टाकले. मी माझ्या बहिणीला पाठवला.

त्यानंतरच्या कुठल्यातरी टँकरला मी ड्रम भरून वर आले तर दार सताड उघडं. पंखा चालू. सईच्या चपला नाहीत.

कशी धावले ते आठवत नाही. हातातला पाइप तसाच हातात होता, एवढं शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं. सई सापडली स्टेशनवर, फलाटावरच्या बाकावर बसलेली, मांडीवर बिस्किटांचा पुडा. "काका तिकीट काढायला गेलेत," ती म्हणाली. तिकिटाच्या खिडकीपाशी कुणीच नव्हतं.

"दार का उघडलंस?"

"त्यांनी सीताफळ म्हटलं ना, आई." बक्षीस मिळेल अशा चेहऱ्यानं सांगत होती.

पोलिसांत तक्रार दिली. तो माणूस मिळाला नाही. मी सरांकडं गेले.

"सर, तो व्हिडिओ काढून टाका."

"मॅडम, त्या एका व्हिडिओवर अख्खी नवी बॅच आलीय. आणि तो माणूस व्हिडिओ बघूनच आला, कशावरून?"

"घरातले तिघं आणि क्लासमधल्या बायका सोडल्या तर तो शब्द कुणाला माहीत नव्हता."

"पोरगी मिळाली ना? मग टेन्शन कायको लेने का?" ते खडू झटकत म्हणाले. "आणि अलाऊ तुम्हीच केलं. मी काय चोरून घेतलं?"

त्यांनीच शिकवलेला शब्द त्यांनी माझ्या तोंडावर मारला. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी शांत झालं. दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले आणि पहिल्या रांगेत बसले.

"परत त्याच माणसाकडं जातेस?" श्रीनिवासनं विचारलं.

"अजून थोडं शिकायचं राहिलंय."

मी प्रश्न शिकत होते. हू, व्हेअर, व्हेन. कणीक तिंबताना म्हणायचे, भांडी घासताना म्हणायचे. सई आता माझ्या पदराला धरूनच असायची. गाड्यावर सीताफळं दिसली की माझ्या मागं लपायची. ती लपली की मी ओठांतल्या ओठांत प्रश्न पुन्हा म्हणायचे, आणखी सफाईनं.

मुलाखतीचा धडा आला तेव्हा मी हात वर केला. "सर, मी तुमची घेते. श्रेया रेकॉर्ड करेल. माझी प्रगती बघायला."

सर खूश. खुर्ची ओढून ऐटीत बसले. मी विचारत गेले. कुठं राहता? पडेगावात, अमक्या गल्लीत. घरी आत्ता कोण आहे? आई, एकटी. तिला बेल ऐकू येते का? नाही. मग शेजारी आत कसे येतात? इथं ते थोडे थांबले. बायका ओरडल्या, "सर, ती अडखळली नाही! नियम म्हणजे नियम!" सर हसले आणि किल्ली कुठं असते ते सांगितलं. चांगल्या, पूर्ण वाक्यात.

माझा फोन धरलेली श्रेया माझ्याकडं बघून हळूच नकारार्थी मान हलवत होती.

घरी येऊन मी तो व्हिडिओ शहरातल्या गाड्या-घरं विकायच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, आमचे सर बघा कसे इंग्रजी बोलतात!

चहा उकळायच्या आत फोन आला. "मॅडम, आई आहे ती माझी! एकटी आहे!"

"माझी सईपण एकटी होती."

"काढा तो. पाया पडतो तुमच्या."

"अलाऊ तुम्हीच केलं, सर."

ते रडले. मी ऐकत राहिले, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी माझा व्हिडिओ काढून टाकला, मग मी त्यांचा काढून टाकला. गिरणीवरचा क्लासचा बोर्ड आता उतरलाय. त्यांची माफी मी मागणार नाही.

पण मधल्या वेळात सरांचा व्हिडिओ कुणी डाउनलोड करून घेतला, कुणी पुढं पाठवला, ते मला माहीत नाही. परवा श्रेयानं तो दुसऱ्याच कुठल्यातरी ग्रुपवर पाहिला. आवडाबाईंनी घर सोडलेलं नाही म्हणे. आणि किल्लीची जागा बदलली का, हे कुणाला विचारू? सर माझ्याशी बोलत नाहीत आणि आवडाबाईंना फोन ऐकू येत नाही. मी गेले असते. पण त्या माझी हनुवटी धरतील, पोरगी कशी हाय विचारतील, आणि मला तोंड उघडता येणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. गल्ली सांगणार नाही, खूण सांगणार नाही. तुम्ही पडेगावात राहत असाल, आणि शेजारी एखादी कमी ऐकणारी म्हातारी एकटी असेल, तर ती कोण हे न विचारता आज तिच्याकडं जा. बेल वाजवू नका, खिडकीसमोर जाऊन उभे राहा, तिला तुम्ही दिसाल असे. दाराबाहेर किल्ली ठेवलेली असेल तर ती उचलून तिच्या हातात द्या. आणि ती बरी आहे का, तेवढं बघून या.