निपाणीच्या रेल्वेचं वळण

निपाणीला रेल्वे नाही. आमचे हे, म्हणजे सुकुमार, दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झाले आणि त्यांनी ठरवलं की कुणाची वाट न बघता रेल्वे आपणच आणायची. घरामागच्या तंबाखूच्या जुन्या वखारीच्या माळ्यावर आठ बाय चार फुटांचं प्लायवूड टाकलं. वीतभर लांब डब्यांची खेळण्यातली गाडी मागवली.

मी तीस वर्षं गणित शिकवलंय, थेरं मला लगेच ओळखू येतात. हे थेर नव्हतं. दुकान सुटल्यापासून भिंतीकडं बघत बसणारा माणूस सकाळी उठून माळ्यावर पळायला लागला. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. मी खालून हाका मारायची, हे रुळांत गुंतलेले, आणि सूर्य कुणासाठी थांबत नाही. हे कितीदा तरी उपाशी झोपले. मी चिडायची, पण मनातून बरं वाटायचं.

गाडी मात्र वळणावर पडायची. ह्यांनी आधी सगळं गाव मांडलं होतं, बसस्टँड, बाजार, आमचं घर, आणि मग रूळ असे वाकवले होते की गाडी आमच्या खिडकीखालून जावी. ज्या गावानं फक्त बस बघितली, ते रेल्वेलाही दारातच बोलावणार. वळणाची त्रिज्या अठरा इंच आणि त्याला चिकटूनच रूळ बदलायचा आखूड सांधा. इंजिन निघून जायचं, डबे एकमेकांना ढकलत आडवे व्हायचे.

एक दिवस हे पाचलाच खाली आले. म्हणाले, जेवायला वाढ, आणि ते सगळं कुणाला तरी देऊन टाकूया. वेळेवर जेवायला बसलेला नवरा परत भिंतीकडं बघत होता.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या जयाबाईंचे भाऊ नागोजी खानापूरला असतात. लोंढ्याच्या मार्गावर एकतीस वर्षं रूळ तपासणारे गँगमन होते. रविवारी मी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडून शिवणाचा दोरा मागितला, वळणावरच्या रुळाला आतून फूटभर ताणून धरला आणि मधोमध दोरा नि रूळ यांच्यात पट्टी लावली. बरोबर एक इंच. ह्या अंतराला ते पोट म्हणाले. हे पोट निम्मं झालं पाहिजे, आणि सांधा वळणापासून लांब, आठ बोटं पुढं जाताना एकच बोट बाजूला सरकणारा.

मी मनात मांडून बघितलं. पोट निम्मं म्हणजे त्रिज्या दुप्पट, छत्तीस इंच. वर्तुळाच्या जीवा मी फळ्यावर हजार वेळा काढल्या, पण दोऱ्यानं वळणाची नाडी बघता येते हे मला सुचलं नव्हतं. त्या माणसापुढं मला माझी पदवी लहान वाटली, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

पण एवढं मोठं वळण घरापाशी बसेना. ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, खिडकीतून गाडी दिसणार नसेल तर काय उपयोग?

नागोजी शांतपणे म्हणाले, "सुकुमारअण्णा, तुमी गाव आधी मांडलासा आणि रूळ मागनं वाकवलासा. रूळ आपल्या वाटंनं जातोय. ठेसनाला माणसं चालत जात्यात."

 नागोजी चहा पिऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी प्लायवूडचा आणखी एक तेवढाच तुकडा आला. सगळे रूळ उखडले गेले. आठवडाभर हे दोरा आणि पट्टी घेऊन वाकलेले. शनिवारी माझ्या हाका वाया गेल्या, दिवस मावळला, आणि मी ताट झाकून स्वतःच वर गेले. गाडी फिरत होती. पाच फेऱ्या झाल्या, एक डबा हलला नाही.

स्टेशन गावापासून चांगलं दोन हात लांब गेलं होतं. आमच्या घरापासून तिथवर ह्यांनी लाल मातीचा रस्ता केला होता आणि त्यावर दोन बाहुल्या. पुढं पिशवी घेतलेला माणूस, मागं हात वर करून त्याला हाका मारणारी बाई.

"पोचतील का गं वेळेवर?" ह्यांनी विचारलं.

मी त्या बाईला उचललं आणि त्याच्या शेजारी ठेवलं.