माणसं बसली आहेत

सकाळी आठला फोन वाजला तेव्हा काकूंच्या एका हातात दुधाचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात पोस्टमास्तरांचा टोस्ट. एरवी फोन थोरला मुलगा घ्यायचा. पण तो पाव आणायला गेला होता, आणि सूनबाईचे हात कोपरापर्यंत साबणात. काकूंनी टोस्ट मास्तरांच्या पुढ्यात ठेवला, पातेलं गॅसवर चढवलं आणि फोन कानाला लावला.

"कॅफे ना? टेम्पोवाला बोलतोय. आज तीनला यायचंय. सोळा खुर्च्या उचलायच्या, सोळा स्टुलं टाकायची. गल्लीत गाडी वळेल का, एवढंच विचारायचं होतं."

"कुठल्या खुर्च्या?"

"तुमच्याच, जुन्या. भंगारात घाला म्हणालेत साहेब. तुम्ही कोण बोलताय?"

काकूंनी एक क्षण विचार केला. "मी कपबश्या धुते."

"मग हरकत नाही. त्या म्हातारीच्या कानावर घालू नका हां. तीनला तिला गुडघ्याच्या डॉक्टरकडे पाठवणार आहेत. जागेवर असली तर गोंधळ घालेल म्हणाले."

खुर्च्यांचं ऐकून काकूंच्या तळपायाची आग निघाली होती, ती 'म्हातारी' ऐकून मस्तकात पोचली. पण आवाज त्यांनी लोण्यासारखा ठेवला.

"वळते गाडी. पण तीनला नका येऊ, दोनला या. साहेबांनीच निरोप ठेवलाय."

फोन ठेवून त्या वळल्या आणि गॅस बारीक केला. दूध काठाला येऊन थांबलं. काकूंचं दूध रागातसुद्धा उतू जात नसे.

या खुर्च्या काही एका दुकानातून एका दिवसात आलेल्या नव्हत्या. सोळा खुर्च्या सोळा तऱ्हांच्या. बंद पडलेल्या शाळेतली एक, कुणाचं घर मोडलं तिथली एक, दातांच्या डॉक्टरने दवाखाना हलवला तेव्हा त्याच्याकडची ती लोखंडी, हातांची. कुठलीही खुर्ची घ्यायची तर काकू आधी तिच्यावर अर्धा तास बसत. विकणारा वैतागे. "बाई, घेताय की राहायला आलाय?" काकू म्हणत, "माझं गिऱ्हाईक बसणार आहे, तुझं नाही." अर्ध्या तासात पाठ बोलली की खुर्ची परत. काकूंना वाचायला जेमतेम येई, पण खुर्चीवर बसून खुर्ची कळते, त्याला शाळा लागत नाही.

महिन्यापूर्वी थोरल्याने एक सजावटवाला आणला होता. टोकदार बुटांचा. त्याने सगळीकडे मोजायची फीत लावली आणि म्हणाला, "खुर्ची आरामाची असली की माणूस उठत नाही. उंच, बिनपाठीची स्टुलं टाका. वीस मिनिटांत जागा मोकळी."

"त्याच्यावर खिळे ठोका," काकू म्हणाल्या होत्या. "दहा मिनिटांत होईल."

सजावटवाला हसला, थोरला हसला नाही. काकूंना वाटलं विषय संपला. विषय त्यांच्या पाठीमागून चालत राहिला होता, तो असा टेलिफोनवरून पुढ्यात आला.

थोरला पावाची पाटी घेऊन आला. "आई, तीनला तुझ्या गुडघ्याचं लक्षात आहे ना? रिक्षा सांगून ठेवलीय मी."

"किती रे काळजी तुला," काकू म्हणाल्या. "जाईन की."

थोरला जरा चरकला. आई इतकी सरळ बोलली की त्याला नेहमीच धास्ती वाटायची. पण दारात गिऱ्हाईक होतं आणि तो कॉफीच्या यंत्राकडे वळला.

नंतर सगळी सकाळ रोजच्यासारखी गेली. पोस्टमास्तर, म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, खिडकीशी शब्दकोडं उघडून बसले. समोरचा शिंपी गळ्यात टेप अडकवूनच आला, उभ्याउभ्या भांडला की काल कॉफी पातळ होती, आणि मग बसून दोन प्याला. काकू कांदा चिरत होत्या, ऑम्लेट उलटत होत्या, सूप ढवळत होत्या. तोंडाने एक शब्द नाही. सूनबाईने दोनदा वळून पाहिलं.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय. तू आपले कप बघ."

सूनबाईने मान खाली घातली, ती जरा जास्तच लवकर. काकूंच्या नजरेतून ते सुटलं नाही. म्हणजे हिलाही माहीत आहे. काकूंनी सुरी असली चालवली की फळी दणाणली.

दोन वाजता कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. ते काकूंना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी दोन सांगितलं होतं. मास्तर होते, शिंपी होता, कचेरीतली माणसं होती, पाळण्यातलं पोर मांडीवर घेऊन आलेली एक बाई होती. इस्पितळातली नर्स लागोपाठ दोन पाळ्या ओढून आली होती. ती दातवाल्याच्या लोखंडी खुर्चीत, हात दोन्हीकडे सोडून, पुढ्यातलं सूप निवत ठेवून गाढ झोपली होती.

बाहेर हॉर्न वाजला. टेम्पोवाला दोन्ही दंडांत एकेक स्टूल अडकवून आत आला आणि गर्दी बघून दारातच थबकला.

"साहेब, कुठली आधी उचलू?"

थोरल्याने हातातला कप बशीवर आपटला. "अरे, तीनला सांगितलं होतं!"

"तुमच्या कपबशीवालीने दोन सांगितलं."

सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने काकूंकडे पाहिलं.

"मीच ती," पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या. "कपबश्या तुझ्या जन्माआधीपासून धुतेय, खोटं काही बोलले नाही. हं, सांग ना त्याला. कुठली आधी उचलायची?"

"आई, आत चल. चार लोकांत तमाशा नको."

"चार कुठे? सोळा आहेत. मोज."

शिंपी खुसखुसला. थोरल्याचे कान लाल झाले. पण पोरगा काकूंचाच होता, तो मागे सरला नाही.

"हो, सोळा. आणि बाहेर बघ, दारातून तिघं आत्ता परत गेले. तू चुलीशी असतेस, तुला दिसत नाही. मला रोज दिसतं. एका कपावर दोन-दोन तास बसतात लोक. मास्तर, रागावू नका, पण बसता की नाही?"

"अडीच," मास्तर कोड्यातून मान वर न करता म्हणाले.

"ऐकलंस?"

"ऐकलं. चहा काय, घरी होत नाही का लोकांच्या? माणूस इथे येतो तो टेकायला. परत गेलेले तिघं उद्या येतील, कारण इथे टेकायला मिळतं हे त्यांना ठाऊक आहे. त्या उंच दांड्यांवर कोण टेकणार? कावळे?" काकूंनी थोरल्याच्या दंडाला धरून त्याला टेबलांच्या मधोमध उभं केलं. "पण तुझं ठरलंय ना? मग ठीक. माझ्यामागून करणार होतास ते माझ्यासमोर कर. एकेकाला उठव. तोंडाने म्हण, उठा, तुमच्या खुर्च्या भंगारात चालल्यात. हिच्यापासून सुरुवात कर."

थोरला नर्सबाईसमोर जाऊन उभा राहिला. हात पुढे केला, मागे घेतला, खाकरला. नर्सबाईने एक डोळा उघडला.

"वेळ झाली का?"

"नाही," थोरला म्हणाला. "झोपा. सूप गरम करून आणतो."

शिंप्याने तेवढ्यात टेम्पोवाल्याकडून एक स्टूल घेऊन त्यावर चढूनही पाहिलं. त्याचे पाय हवेत लोंबायला लागले. "काकू, इथून माझं दुकान झकास दिसतं हो. खाली कसं उतरायचं ते मात्र दिसत नाही."

हसण्याचा गलका झाला, मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं, आणि टेम्पोवाल्याने कंटाळून खिशातून कागद काढला. "माल परत न्यायचा तर इथे कारण लिहावं लागतं, साहेब. काय लिहू?"

"लिही," काकू म्हणाल्या, "माणसं बसली आहेत."

"असं कारण नसतं, आजी."

"काकू म्हण. आणि आजपासून असतं."

त्याने लिहिलं. मग पेन थोरल्यापुढे धरलं. "मालकाची सही."

थोरल्याने पेन घेतलं. कागदावरचं कारण वाचलं आणि ते पेन आईच्या हातात कोंबलं. "कर तूच. शेवटी तुझंच चालायचं असेल तर सही तरी माझी कशाला?"

शब्द काकूंना बोचले, पण पेन त्यांनी परत दिलं नाही. सुईत दोरा ओवावा तशी त्यांनी मान वाकडी करून एकेक अक्षर काढलं. टेम्पोवाला तोवर दोन्ही स्टुलं दंडांत अडकवून उभा होता. कुणी त्याला घाई केली नाही.

टेम्पो गेला. काकू कंबर ताठ करून चुलीकडे निघाल्या, आणि तेवढ्यात मोरीतला नळ बंद झाला.

"माझीही सही घ्या मग," सूनबाई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. ती ओले हात तसेच धरून उभी होती. "ती स्टुलं मी पसंत केली होती. यांच्यावर एकट्यावर राग काढू नका."

"तू?"

"मी. एका हाताने उचलता येतात ती. रोज संध्याकाळी लादी पुसायला या सोळा खुर्च्या टेबलावर कोण चढवतं? सकाळी उतरवतं कोण? ही दातवाल्याची उचलताना माझी कंबर धरते आई, वर्ष झालं. गिऱ्हाइकाची पाठ तुम्ही अर्धा अर्धा तास बसून बघितलीत."

पुढचं ती बोलली नाही, पण ते कुणाला कळायचं राहिलं नाही. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

मी नाही का वीस वर्षं उचलल्या, हे काकूंच्या ओठापर्यंत आलं. वीस वर्षं त्यांनी उचलल्या होत्या हे खरंच होतं. पण तेव्हा खुर्च्या पाचच होत्या. उरलेल्या अकरा सूनबाई घरात आल्यावरच त्यांनी एकेक करून आणल्या होत्या, आणि प्रत्येक खुर्ची दारात ठेवून कौतुकाने म्हणाल्या होत्या, "बघ गं, किती वजनदार आहे."

माफी मागायची त्यांना सवय नव्हती, आणि सोळा माणसांसमोर ती लावून घ्यायचा विचारही नव्हता.

"आजपासून खुर्च्या थोरला उचलेल," त्या म्हणाल्या.

"मी?" सूप गरम करत असलेला थोरला ओरडला.

"भंगारात घालायला टेम्पो बोलावता येतो, तर टेबलावर चढवायला स्वतःला बोलाव. वाकायचं गुडघ्यातून, कंबरेतून नाही. आणि माझा गुडघा उद्या नेशील डॉक्टरकडे. सूनबाईची कंबर आधी."

सूनबाईने नळ सोडला. हसली नाही, पण कप जरा कमी आपटत धुवायला लागली.

सहाला दाराची पाटी उलटी झाली. थोरल्याने बाह्या सरसावल्या आणि पहिली खुर्ची उचलली. शाळेतली, हलकी. मग दुसरी. आठवीपर्यंत येता येता तो बोलायचा थांबला. दहावीला त्याने भिंतीला टेकून श्वास घेतला. काकू गल्ल्याशी उभ्या राहून बघत होत्या, मदतीला एक बोट त्यांनी पुढे केलं नाही.

सूनबाईने बादली भरून आणली, भिंतीशी ठेवली, आणि मग लादी पुसायची सोडून ती सरळ जाऊन लोखंडी खुर्चीत बसली. हातांच्या दांड्यांवर दोन्ही हात, डोकं मागे. डोळे मिटले.

थोरला पंधरा खुर्च्या चढवून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"अगं, ऊठ ना. एवढी एक राहिली."

सूनबाईने डोळे उघडले नाहीत.

"आई, सांग हिला!"

काकूंनी बादलीतला फडका उचलला, पिळला, आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून लादी पुसायला सुरुवात केली.

"तिला काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "बसलीय ती. दिसत नाही का तुला?"