सर की ट

"सर की ट?" मास्तरांनी विचारलं.

लेकीनं रंगवलेला पत्र्याचा तुकडा गाडीच्या अंगाला टेकवला, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली आणि मग म्हणाली, "ट."

"किती?"

"थोडासाच. पण ट."

मास्तरांनी उजवीकडे हात नेला, रंगाचा डबा पुढे ओढला आणि जांभळ्याचा एक थेंब सोडायला तिला सांगितलं. पिवळेपणा मारायचा तर जांभळाच लागतो. तिनं थेंब सोडला, ते काठीनं घोळत बसले. मालक मागून जाता जाता म्हणाले, "मास्तर, व्याकरण आटोपलं की गाडी सोडा. गिऱ्हाईक म्हातारं होईल."

"गाडी म्हातारी झालीय, म्हणून तर एवढा त्रास," मास्तर म्हणाले.

ते खरंच होतं. पंधरा वर्षं ऊन प्यायलेली पांढरी गाडी. तिचं मागचं दार ठोकर लागून गेलं होतं आणि नवं बसवलं होतं. नव्या दाराचा पांढरा लख्ख, डोळ्यांत खुपणारा. जुन्या अंगाचा पांढरा मुरलेला, पिवळसर. नव्याला पंधरा वर्षांचं ऊन दोन दिवसांत पाजायचं, हे मास्तरांचं काम. गाड्यांना रंग जुळवून देण्यात त्यांची चौतीस वर्षं या एकाच गॅरेजात गेली होती.

त्यांना मास्तर हे नाव पडलं ते शिकवण्यावरून. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी शब्द शिकवत, मग ब्रश देत. "पिवळसर आणि पिवळट एक नव्हे," असा त्यांचा पहिला धडा असे. 'सर' म्हणजे रंग पाहुणा आलाय, दारात चपला काढून अदबीनं बसलाय. 'ट' म्हणजे भाडं न देता ठाण मांडून बसलेला भाडेकरू. पहिला शोभतो, दुसरा खोली नासवतो. लेक सात वर्षांची असताना तिनं विचारलं होतं की मग हिरवसर का म्हणत नाहीत, हिरवट एकच का? मास्तरांनी विचार करून सांगितलं होतं, "हिरवा मुळातच संशयी." लालला वाईट म्हणायची कुणाची छाती नाही, म्हणून लालट नाही. आणि तांबूस तर गोडच, शेवटी ऊस आहे. लेकीनं हे सगळं शाळेत बाईंना ऐकवलं आणि वर्गाबाहेर उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, "बाईंचा चेहरा लालट झाला होता." ते दोघं हसले ते हसलेच.

दीड वर्षापूर्वी मास्तरांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला. कडा शाबूत राहतील, मधलं जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तसंच झालं. आता एखादी गोष्ट बघायची तर तिच्या शेजारी बघावं लागे. लेकीचा चेहरा हवा असेल तर तिच्या कानाकडे. रंग तर असे झाले होते, जणू सगळे एकाच पाण्यात धुतलेत. मास्तरांनी गॅरेजात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण मग एका राखाडी गाडीचं दार ट्यूबलाइटखाली जुळलं आणि उन्हात नेल्यावर ठिगळासारखं दिसलं. मालकांनी ते गुपचूप दुसऱ्याकडून करून घेतलं. चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

तेव्हापासून वाचनालयातली सकाळची नोकरी आटोपून लेक दुपारी गॅरेजात यायला लागली. बायको गेल्यापासून घरात दोघंच होते, आता कामावरही दोघं. मालकांनी पाहिलं, समजले, आणि एक स्टूल जास्तीचं ठेवलं. मास्तरांनी तिला एकच अट घातली होती. "मला बरं वाटावं म्हणून एक शब्दही बोलायचा नाही. तू गोड बोललीस तर दार एकीकडे नि गाडी एकीकडे."

ती अट तिनं पाळली. पांढरी गाडी येईपर्यंत पाळली.

त्या दिवसांत मास्तरांच्या अंगाला खाज सुटायची. पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. जेवणावरची वासना उडाली होती. पट्टा दोन भोकं आत गेला होता. थिनरनं होतं असं, इतक्या वर्षांनी अंगाला बाधलं असेल, असं ते म्हणत. लेक ऐकून घेई, पण ताटात उरलेलं झाकताना तिच्या हातचं झाकण जरा जास्तच वाजे.

रविवारी सकाळी त्यांनी तिला उत्तरेच्या खिडकीशी बोलावलं. रंग बघायला उत्तरेचा उजेड, तो कुणाची बाजू घेत नाही, हेही त्यांचंच. खुर्चीत बसून त्यांनी चेहरा वर केला, बोटांनी खालच्या पापण्या ओढल्या आणि विचारलं, "माझ्या डोळ्यांतला पांढरा बघ. सर की ट?"

ती वाकली. तिचा श्वास त्यांच्या कपाळाला लागला, मग लागेनासा झाला. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं उगाच पडदा थोडा सरकवला, पुन्हा होता तिथे आणला.

"सर," ती म्हणाली. "पिवळसर आहे. पण उद्या दाखवून येऊ ना, बाबा."

"सर ना? मग गाडी होऊ दे. मग जाऊ."

"गाडी काय, होईल की कधीही."

"शब्द तुझाच आहे," मास्तर म्हणाले आणि उठले.

नेमकं सोमवारपासून मळभ आलं. उन्हाशिवाय पांढरा जुळवता येत नाही. ओला रंग खोटं बोलतो आणि ढगातला उजेड त्याला साथ देतो. पाच दिवस गेले. लेक रोज डॉक्टरांचं नाव काढी, मास्तर रोज आभाळाकडे बोट दाखवत. सहाव्या दिवशी ती चिडून म्हणाली की मी एकटी जाऊन तुमची वेळ घेते, तर ते म्हणाले, जा, आणि माझ्या जागी तूच तपासून घे. ती हसली नाही. रात्री तिच्या खोलीतून पानं उलटल्याचा आवाज आला नाही, तेव्हा ती वाचत नसून नुसती बसलीय हे त्यांना कळलं.

अकराव्या दिवशी ऊन पडलं. गाडी बाहेर अंगणात काढली. लेक दोनदा प्रदक्षिणा घालून आली, उकिडवी बसली, लांब गेली.

"जुळलं," ती म्हणाली.

मास्तरांनी तळहात जुन्या पत्र्यावरून नव्या दारावर नेला आणि परत आणला, जणू शिवण शोधत होते. मालकांनी गाडीभोवती फिरून विचारलं, "यातलं नवं दार कुठलं हो, मास्तर?" गंमत होती की खरंच विचारलं, ते कळलं नाही. मास्तरांना दोन्ही चाललं असतं.

बाराव्या दिवशी दोघं हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीण तरुण होती. खोलीत शिरताक्षणी तिनं विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

शेजारची खुर्ची करकरली.

"आहेत का पिवळे?" मास्तर म्हणाले. "मला दिसत नाही आणि मी कुणाला बघू दिलं नाही."

मग तपासण्या झाल्या, मशीनमध्ये सरकवणं झालं. जठराच्या मागे गाठ होती आणि तिनं पित्ताची नळी दाबली होती. बारीक नळी घालून पिवळेपणा थोडा उतरवता येईल, खाज थांबेल, पण गाठ पसरलेली आहे, असं डॉक्टरीण सावकाश बोलली. लेकीनं विचारलं, बारा दिवस आधी आलो असतो तर? डॉक्टरीण म्हणाली की बारा दिवसांनी फारसा फरक पडला नसता. लेकीनं मान हलवली असावी. पण लहानपणापासून गोड बोलणं ओळखायला शिकवलेलं, ते आता तिच्याच मुळावर आलं होतं. खरं सांगणाऱ्यावरही तिचा विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर हॉस्पिटलातल्या पलंगावर जागे झाले तेव्हा ती उशाशी होती. रडून झालेलं होतं, कारण नाक चोंदलेलं होतं. त्यांनी तिच्या कानाकडे पाहिलं.

"भिंतीवर काय आहे? तिरीप की कवडसा?"

"कवडसा. पडद्याला भोक आहे."

"आकार?"

"लांबट. अंड्यासारखा. कडेला जरा तांबूस."

"गोड आहे म्हणजे." त्यांनी कूस बदलली. "त्या रविवारी तू सर म्हणालीस ना."

"बाबा, नको."

"ऐक. सर झटकन येतं. चांगलं बोलायला कोण थांबतं? ट ला वेळ लागतो. तू पडदा सरकवलास, परत आणलास, मग बोललीस. मी चौतीस वर्षं हेच ऐकतोय. मला तेव्हाच कळलं होतं."

तिनं नाक पुसलं.

"मला ती गाडी पुरी करायची होती. म्हणून तुझा सर धरून बसलो. चूक तुझ्या शब्दाची नाही, पोरी. मी सोयीनं ऐकलं."

"मी खोटं बोलले."

"हो. एकदा. मालकांना सांगू नकोस, स्टूल काढून घेतील."

तिच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा, ते त्यांनी ठरवलं नाही. शर्ट खुंटीला होता. त्याच्या खिशातली पांढरी पट्टी त्यांनी तिला काढायला लावली. रंग जुळवताना शेजारी धरायची, कडा झिजलेली, पण मधे अजून कोरी.

"धर. आणि बघ."

तिनं पट्टी त्यांच्या गालाला टेकवली. गाडीच्या पत्र्याला तुकडा टेकवावा तशी, सपाट.

"सर की ट?"

"ट," ती म्हणाली. मधे श्वासाइतकीही जागा नव्हती.

"किती?"

"खूप, बाबा."

मास्तरांनी मान डोलावली. हात सवयीनं उजवीकडे गेला, डबा असायचा तिथे. तिथे चादर होती. तिला एक सुरकुती पडली होती, ती त्यांनी बोटांनी नीट केली.