आठ फुटांची पायवाट

"मागं हजार वर्षांत झाली न्हाय अन् पुढं हजार वर्षांत होणार न्हाय, अशी इमारत ही नगरपालिका बांधतीय!" अध्यक्ष शांतलिंगअप्पा भिंतीवरच्या नकाशाकडे हात फेकून गरजले. "खाली दुकानं, वर बिऱ्हाडं! येपार खाली, संसार वर!"

सभासदांनी बाकं वाजवली. तेवढ्यात ट्रेसर खाजामियाँ कोपऱ्यातून पुढे आला आणि त्यानं नकाशा सुलटा करून टांगला. तोवर संसार खाली होता, व्यापार वर होता आणि जिने आभाळातून उतरत होते.

"हां, असा बी बरा दिसतोय," अप्पा म्हणाले, आणि ठराव एकमतानं पास झाला.

नकाशा ही बघायची नसून टांगायची वस्तू आहे, हे खाजामियाँला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पुरतं कळलं होतं. त्याचं काम साधं होतं. वरच्या कचेरीतून मूळ नकाशा यायचा. त्यावर निळसर, खळ दिलेलं पारदर्शक कापड ताणायचं आणि खालून दिसेल ती रेघ शाईनं गिरवायची. आपली रेघ काढायची नाही. आधी हैदराबाद संस्थान गेलं, मग जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि नकाशांवरची उर्दू अक्षरं मराठी झाली. मराठी त्याला बोलता यायची, वाचता यायची नाही. पहिलं वर्षभर तो ती अक्षरं वेलबुट्टीसारखी गिरवत होता. त्यातल्या 'शौचकूप' या शब्दाचं वळण त्याला फार आवडायचं. अर्थ कळला त्या दिवशी त्यानं डबा खाल्ला नाही.

हजार वर्षांतली ती इमारत गावच्या जुन्या सराईला लागून व्हायची होती. सराई काळ्या दगडाची, बारा कमानींची. मूळ नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरसाहेबांनी ती पाहिलेली नव्हती. त्यांनी तिच्या जागी 'जुने बांधकाम' असं लिहून नवी इमारत थेट तिच्या भिंतीला चिकटवली होती. सराईच्या भिंतीलगतची पायवाट त्यांना मुंबई-हैदराबाद रस्त्यावरून जाता जाता दिसली नसावी. खाजामियाँच्या मोहल्ल्यातून बायकांच्या दवाखान्यात जायला मात्र तीच एक जवळची वाट होती.

त्याची बायको नसीमबी त्या दवाखान्यात दाई होती. घरी त्यानं जेवता जेवता नवी इमारत सांगितली, तसा तिचा हात परातीतच थांबला.

"और रस्ता?"

"रस्ता नहीं है."

"तो मैं कहां से जाऊं जी? उप्पर के बिऱ्हाडां में से?" तिनं परात बाजूला सारली. "गोरोबा की बहू को भूल गए क्या?"

तो विसरला नव्हता. मागल्या साली बाजाराच्या दिवशी ती पायवाट गाड्यांनी भरली होती. गल्लीतल्या गोरोबाच्या सुनेला बाजेवर घालून बैलबाजाराला वळसा घालून न्यावं लागलं. पोर वाटेतच झालं, शेंगांच्या पोत्यांच्या आडोशाला. नसीमबी पोचेपर्यंत ते राहिलं नव्हतं.

"असल नक्शे में नहीं है तो मैं क्या करूं?"

"पूरी उमर लोगां की लकीरां पो सियाही फिराए. एक तो अपनी मारो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगणात बाज आडवी टाकली आणि फूटपट्टी घेतली. बाज तीन फूट. दोन्ही अंगांनी धरणारी माणसं, दीड-दीड फूट. बाजूनं पिशवी घेऊन चालणारी नसीमबी. तिनं स्वतः उभं राहून माप दिलं आणि तिलाही दीड फूट लागले, यावरून थोडी बोलाचाली झाली. समोरून येणाऱ्याला अंग चोरायला अर्धा फूट. एकूण आठ.

कचेरीत त्यानं कापडावर इमारतीची शेवटची भिंत आठ फूट अलीकडे घेतली. बारावं दुकान आणि त्यावरचं बिऱ्हाड नाहीसं झालं. मोकळ्या पट्ट्यात त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सार्वजनिक पायवाट'. मग तो महिनाभर कुणीतरी हाक मारील म्हणून वाट बघत राहिला. ओव्हरसियरनं सही केली. अप्पांनी सही केली. वरच्या कचेरीनं शिक्का मारला. पाया खणणाऱ्यांनी मात्र नकाशा नीट पाहिला, कारण त्यांना खणायचं होतं.

वर्षानं इमारत उभी राहिली. एका बाजूला नवा चुना, दुसऱ्या बाजूला काळ्या कमानी, आणि मधून माणसं जात-येत होती. नसीमबीनं चार बाजा त्या वाटेनं नेल्या. चारही पोरं जगली. वाट कुणी काढली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त त्या चारही दिवशी घरी रोटीवर तूप जास्त पडलं.

मग दुकानं वाटायचा दिवस आला. चिठ्ठ्या बारा, दुकानं अकरा. बारावी चिठ्ठी निघाली अप्पांचे साडू बसप्पा यांची. कापडाचे व्यापारी बसप्पा हातात कुलूप घेऊन इमारतीसमोर उभे राहिले. त्यांनी दारं तीनदा मोजली, त्यातलं एकदा मागून.

अप्पांनी मूळ नकाशा मागवला, कापडावरचा मागवला, आणि खाजामियाँला बोलावलं.

"ही वाट कुणी काढली?"

"मी काढली, साहेब."

अप्पा स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी त्याला खुर्ची दिली. "हात चुकला म्हणा की, खाजामियाँ. वयानं हुतंय."

"हात चुकला न्हाय, साहेब."

"अहो, म्हणायला काय जातंय?"

"अय्यो, माझं दुकान जातंय!" बसप्पा म्हणाले.

"एकोणतीस वर्षं मी गिरवलं," खाजामियाँ म्हणाला. "सगळ्या रेघा दुसऱ्याच्या. ही एक माझी हाय. तिला चूक कशी म्हणू?"

त्यानं कागद घेतला आणि उभ्या-उभ्या जबाब लिहिला: ही वाट मी जाणूनबुजून काढली आहे. दवाखान्यात बाज जाण्यासाठी तिची गरज आहे. होईल ती शिक्षा मान्य आहे. खाली सही, तारीख. नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील, असं त्याला वाटलं. तरी मान, कधी नव्हे ती, ताठ होती.

अप्पांनी कागद न वाचता फायलीत सरकवला. "असू द्या. लिव्हलंय तर असू द्या. कोण वाचतंय?"

खाजामियाँ उभाच राहिला.

"शुक्रवारी दोन्ही तोंडाला भिंत घालतोय," अप्पा म्हणाले. "वर स्लॅब टाकला की झालं बारावं दुकान. पर नकाशात वाट दिसली तर उद्या कुणीतरी इचारंल. तेवढी खोडून द्या."

"दुसऱ्या कुणाला सांगा, साहेब."

"दुसरा हाय कोण? तो नवा पोरगा कापड फाडंल. अन् मार्चात तुमी रिटायर. पेन्शनचा कागद माझ्याच सहीनं जातोय न्हवं?" अप्पांनी ही धमकी म्हणून म्हटलं नाही, त्यांना खरोखरच आठवलं होतं.

बसप्पांनी कुलूप टेबलावर ठेवलं आणि चहा सांगितला.

खाजामियाँनं कापड उचलून खिडकीपाशी नेलं. मेजावर पसरलं, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. आपली अक्षरं त्यानं एकदा वाचली. आता त्याला मराठी वाचता येत होती. कापडावरची शाई पुसून जात नाही, खरवडावी लागते. खिडकीतून समोरची ती पायवाट दिसत होती; तिच्यावर डोईवर भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या आणि एकमेकींना न लागता निघून गेल्या.

चष्मा पुसून त्यानं अप्पांकडे पाहिलं.

"ब्लेड तेवढं नवं द्या, साहेब. जुन्यानं कापडाचे दोरे निघत्यात."