जवळचं दिसत नाही

सक्करदऱ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मेघा मान मागे टाकून बसली होती. तिचं डोकं सारखं ठणकायचं, म्हणून तिचा बाबा धोंडबा यानंच माहेराहून, खाप्याहून, फोनवर दटावून तिला पाठवलं होतं.

"पहिला थेंब झोंबते, बाई," नर्स शोभाताई म्हणाल्या. "त्यानं डोळा बधिर होते. मंग बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तरी कळत नाही."

"नवऱ्याले बी टाकू काय पहिला?"

"ते जन्माचेच बधिर राहतात वं."

थेंब झोंबलाच. लहानपणी डोळे आले की बाबा खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक मुठीत गोळा करायचा, त्यात तोंडाची वाफ भरायचा आणि ती ऊब तिच्या डोळ्यावर धरायचा. मेघानं ओढणीचा तसाच बोळा केला. बरं वाटलं.

तपासणी उरकल्यावर शोभाताईंनी बजावलं, "संध्याकाळपर्यंत जवळचं दिसणार नाही. दूरचं दिसते."

बाहेर येते तोच फोन वाजला. नाव वाचता येईना. भाऊ होता, विक्की.

"ताई, घरी ये. बाबा गेला. ऊन लई आहे, जास्त वेळ ठेवता येत नाही."

बसमध्ये उजेड सोसवेना. ओढणी तोंडावर घेऊन ती एवढंच घोकत राहिली, की बाबाचं तोंड दिसलं पाहिजे.

अंगणात तिरडी तयार होती. तिच्यासाठीच चेहरा उघडा ठेवला होता. मेघा वाकली. नाक कुठं, मिशी कुठं, काही उमजेना. ती मागे मागे सरत फाटकापाशी गेली, तेव्हा बाबा दिसला. मिटलेले डोळे, पिकलेली मिशी. घाईत कोणीतरी भांग भलत्याच बाजूला पाडला होता.

"काहून मांगं सरून राहिली वं?" आत्या अंजनाबाई म्हणाली. "बाप होय तुया. हात लाव."

"जवळून दिसत नाही, आत्या. डोळ्यांत औषध टाकलं आहे."

"ताई, उचलतो आता," विक्की खालच्या आवाजात म्हणाला.

पाहायचं तर फाटकातच थांबायचं. शिवायचं तर पाहणं सोडायचं. मेघा जवळ गेली. चाचपत तिनं बाबाचा भांग उजवीकडे वळवला. ओढणीच्या टोकात वाफ भरली आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांवर, एकावर, मग दुसऱ्यावर, धरली. ऊब कधीच निवून गेली, तरी तिचा हात निघेना. शेवटी विक्कीनं तो धरून बाजूला केला.

दिवेलागणीला ओढणीची वीण दिसू लागली. मग हाताच्या रेषा. बोटांना बाबाच्या केसांचं तेल होतं. मेघा ती बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहत बसली.