उलटा लागलेला कागद

पाणीखात्याच्या नकाशा विभागात ट्रेसरबाईंची नोकरी संपायला चार दिवस उरले होते. ट्रेसर हे पद केव्हाच रद्द झालं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकोणिसाव्या वर्षी त्या लागल्या तेव्हा पारदर्शक कागदावर शाईने नळांच्या रेषा ओढायच्या आणि चुकलं की अर्ध्या ब्लेडने खरवडायचं, अशी पद्धत होती. त्यावरून निघणाऱ्या प्रतींना अमोनियाचा असा वास यायचा की अर्धा विभाग सदा रडवेला. मग कॉम्प्युटर आला. पुरुष मंडळी ‘आता या वयात काय’ म्हणत चहाला गेली आणि बाई माउस धरायला शिकल्या. पुढे जुने कागद स्कॅन झाले, आणि आता तर खोदणाऱ्याच्या हातातच टॅब्लेट. रस्त्यात उभं राहिलं की पायाखालचा नळ पडद्यावर दिसतो. दर वेळी कोणीतरी विचारायचं, आता ट्रेसरबाईंचं काय काम? दर वेळी विचारणाराच आधी निवृत्त व्हायचा.

बाईंच्या रेषेत चूक नसते, असा विभागात लौकिक होता. हा लौकिक खोटा आहे हे दोन माणसांना माहीत होतं. एक बाई स्वतः आणि दुसरा चावीवाला, म्हणजे रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडून वस्त्यांना पाणी सोडणारा माणूस.

चूक घडली तेव्हा बाईंना आठवा महिना होता. पोट टेबलाला टेकायचं, हात पुरायचा नाही. तेव्हा त्या कागद फिरवून, सरकवून, मिळेल त्या बाजूने रेषा उतरवत. अशाच एका दुपारी सत्तेचाळीस नंबरच्या शीटमधल्या एका गल्लीचा तुकडा पालथा लागला. पारदर्शक कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. अक्षरं मागाहून घालायची असत, ती त्यांनी सुलटी घातली, त्यामुळे कोणाच्या बापाला पत्ता लागला नाही. उजवीकडचा व्हॉल्व्ह डावीकडे गेला.

बाळंतपणाची रजा संपवून आल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. तोवर प्रती गावभर गेल्या होत्या आणि मूळ कागद मुख्य ड्राफ्ट्समनच्या कपाटात कुलूपबंद होता. त्यांनी धीर करून चावीवाल्याला गाठलं. तो हसला. म्हणाला, व्हॉल्व्ह कुठे आहे ते मला ठाऊक आहे, कागदाला नसेना का. त्यानेही ताकास तूर लागू दिली नाही. बाईंच्या जिवात जीव आला, आणि तिथेच त्यांचं चुकलं. कॉम्प्युटर आल्यावर गुपचूप दुरुस्त करू असं त्यांनी ठरवलं होतं, पण स्कॅनिंग ठेकेदाराकडे गेलं. नकाशे परत आले ते अशा यंत्रात, जिथे साधी रेघ हलवायची तरी कोणी हलवली आणि का, हे लिहावं लागे. ब्लेड असलं काही विचारत नसे.

चावीवाला दोन वर्षांपूर्वी वारला. गल्लीवर नवं डांबर पडलं, व्हॉल्व्हचं झाकण त्याखाली गेलं.

त्या मंगळवारी सकाळी त्याच गल्लीतला नळ फुटला. तळमजल्यांत पाणी शिरू लागलं आणि खोदणारे टॅब्लेट बघत डावीकडे खोदत राहिले. दोन तास झाले तरी व्हॉल्व्ह सापडेना. बाईंनी तिथे हजर असलेल्या तरुण इंजिनिअरला फोन करून उजवीकडे खोदायला सांगितलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की मूळ ट्रेसिंग खुद्द तुमचं आहे बाई, ते कसं चुकेल? जरा खोल गेला असेल. बाईंना स्वतःच्या नावाची पहिल्यांदाच चीड आली. त्यांनी मुलीला फोन लावून ती जुनी चूक सांगितली. आई, चार दिवस कळ काढ, आता कशाला अंगावर ओढवून घेतेस, असं मुलगी म्हणाली. बाईंनी फोन ठेवला आणि रिक्षा केली.

गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. चपला हातात घेऊन बाई उजव्या कडेला गेल्या आणि इथे खोदा म्हणाल्या. इंजिनिअरने नाइलाजाने मान हलवली. दीड फुटावर लोखंडी झाकण वाजलं. दोघा खोदणाऱ्यांनी मिळून व्हॉल्व्ह फिरवला आणि हळूहळू पाणी थांबलं.

“स्कॅनिंगवाल्यांनी घोळ घातला,” इंजिनिअर टॅब्लेट उघडत म्हणाला. “तेच कारण टाकतो.”

बाईंना हायसं वाटलं, हे त्यांनी स्वतःपासूनही लपवलं नाही. नुसतं गप्प बसायचं होतं. छत्तीस वर्षं जमलं होतं, आणखी चार दिवस काही जड नव्हते.

“स्कॅनिंगचा दोष नाही,” त्या म्हणाल्या. “कागद मी पालथा लावला होता.”

त्याने टॅब्लेटवरचं बोट उचललं. मग आवाज उतरवून म्हणाला, “बाई, शुक्रवारी तुमचा निरोप आहे. स्कॅनिंग लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं?”

“स्कॅनिंग लिहिलंत तर तुम्ही स्कॅनिंग तपासाल.” बाईंनी चपला खाली ठेवल्या. “त्या दोन महिन्यांत मी अकरा शीटं काढली, साहेब. सगळी तशीच, अवघडून. माझं नाव बघून ती कोणी तपासली नाहीत, आणि मीही तपासली नाहीत. भीती वाटायची.”

इंजिनिअरने आधी लिहिलेलं कारण पुसलं आणि शीटांचे नंबर विचारले. बाईंनी अकराही नंबर ओळीने सांगितले. एकासाठीही त्यांना आठवावं लागलं नाही.